निशाचर व निबंधकार

मराठीत रात्री चालणाऱ्या माणसासाठी एकच भारदस्त शब्द आहे, आणि तो म्हणजे निशाचर. शब्दाची फोड केली तर त्यात निंदेचा लवलेश नाही. निशा म्हणजे रात्र व चर म्हणजे चालणारा. परंतु कोश उघडून पाहावा, तर या शब्दाखाली राक्षस, पिशाच, चोर, कोल्हा व घुबड एवढी मंडळी दाटीने बसलेली आढळतात. गृहस्थाला तेथे जागा नाही. बोलभाषेकडे वळावे तर तेथेही तोच प्रकार. उनाड, उंडगा, भटक्या, उडाणटप्पू हे सारे शब्द म्हणजे हिंडण्याच्या साध्या क्रियेवर समाजाने उमटवलेले शिक्के होत. प्रतिष्ठित असा एकच शब्द उरतो, तो शतपावली. आणि ती पावलेही मोजून शंभर, जेवणानंतर, अन्न पचावे म्हणून. म्हणजे आमच्या भाषेने रात्रीच्या चालण्याला परवानगी दिली ती वैद्याच्या चिठ्ठीवर.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे की, मोठ्या शहरातून रात्री, हाती काही काम नसताना, सावकाश चालत जाण्याचा जो एक आनंद आहे, त्याला मराठी गद्याने अद्याप उंबऱ्याच्या आत घेतलेले नाही. याचे कारण लेखकांच्या प्रतिभेत शोधू नये. रात्रीच्या रस्त्यावर विनाकारण असण्याचा अधिकार आमच्या समाजात कोणाला आहे, या प्रश्नात ते दडलेले आहे. इंग्रजी निबंधाचे संस्कार आम्ही हौसेने घेतले. त्या सामानातली ही एक गोष्ट मात्र बंदरावरच राहून गेली.

चार्ल्स लॅमने ३० जानेवारी १८०१ रोजी वर्ड्स्वर्थला लिहिलेले पत्र इंग्रजीच्या अभ्यासकांना परिचित आहे. वर्ड्स्वर्थ याला आपल्या डोंगरांत बोलावीत होता. लॅमने उलट टपाली कळवले की, जन्मात एकही डोंगर दृष्टीस पडला नाही तरी मला त्याची खंत नाही. लंडनच्या स्ट्रँड व फ्लीट स्ट्रीट या रस्त्यांवरची दिवे लागलेली दुकाने, तेथील गर्दी, गोंगाट, चिखलसुद्धा, हे पाहत रात्री हिंडताना आनंदाने माझे डोळे भरून येतात. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत कारकून होता. दिवसभर आमच्या देशाच्या व्यापाराचे हिशेब उतरवून रात्री तो आपल्या शहराकडे पाहून रडे, हा योग मला नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे. त्यानंतर १८६० साली डिकन्सने ‘नाइट वॉक्स’ हा निबंध लिहिला. झोप उडाली म्हणून काही रात्री त्याने लंडनच्या रस्त्यांवर काढल्या, आणि त्या भटकंतीत त्याने स्वतःचे नावच टाकून दिले. त्याऐवजी ‘बेघरपणा’ हेच जणू एका माणसाचे नाव असावे अशा रीतीने तो चालतो. पूल, तुरुंगाची भिंत, वेड्यांचे इस्पितळ, चर्चच्या पायरीवर अंगावर चिंध्या पांघरून पडलेला पोर, असा त्याचा मार्ग आहे. पुढे १९२७ मध्ये व्हर्जिनिया वुल्फने ‘स्ट्रीट हाँटिंग’ लिहिला. हिवाळ्याच्या सायंकाळी एक बाई पेन्सिल विकत आणावयाची म्हणून घराबाहेर पडते व अर्धे लंडन फिरून येते.

या तिघांनाही काही ना काही निमित्त लागलेच, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. निद्रानाश हे निमित्त, पेन्सिल हेही निमित्त. परंतु वुल्फबाईंची पेन्सिल ही वाचकाशी केलेली थट्टा आहे. पेन्सिल नसती तर टाचणी असती. आमची शतपावली मात्र थट्टा नाही. ती खरोखरीच पोटासाठी आहे.

आमच्या लघुनिबंधाचा बहर आठवून पाहू. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ साली पुस्तकरूपाने निघाल्या. पाठोपाठ १९३४ मध्ये अनंत काणेकरांची ‘पिकली पाने’, १९३६ मध्ये वि. स. खांडेकरांचे ‘वायुलहरी’. मराठी गद्याला यांनी घरगुती सैलपणा दिला, क्षुल्लक वस्तूकडे प्रेमाने पाहण्याची दृष्टी दिली, हे ऋण मोठे आहे. परंतु या निबंधांतला ‘मी’ कोठे कोठे भेटतो याचा शोध घेतला तर तो बहुधा खोलीत असतो, आरशासमोर असतो, मित्रांच्या बैठकीत असतो. बाहेर पडला तर टेकडीवर, तेही सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. दिवे लागले की त्याची पावले घराकडे वळतात. घरी कोणी रागे भरणारे आहे म्हणून नव्हे. रात्री बाहेर राहिल्यास आपण ‘कोण’ ठरू, याची त्याला खात्री नाही. लॅमचा कारकून कोणाला भीत नव्हता. आमचा प्राध्यापक शेजाऱ्याला भितो.

आणि १९३३ हे साल निघालेच आहे तर आणखी एका पुस्तकाची आठवण केली पाहिजे. त्याच साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. त्यावर विभावरी शिरूरकर हे नाव होते, आणि ते खरे नव्हते. मालतीबाई बेडेकरांना आपल्या लेखनासाठी नावाचा पडदा घ्यावा लागला. त्या पडद्याआड कोण आहे यावर महाराष्ट्रात किती गहजब झाला, हे जुन्या वाचकांच्या घरांतून अजून सांगितले जाते. ज्या समाजात पुरुष निबंधकार पुस्तकाच्या पानोपानी ‘मी, मी’ म्हणत मोकळेपणाने वावरत होता, त्याच समाजात बाईला मुखपृष्ठापर्यंतही उघड्या तोंडाने जाता येत नव्हते. मग रात्रीच्या रस्त्याची गोष्ट दूरच.

एवढे असूनही हा आनंद आम्हांला मुळातच परका आहे असे म्हणवत नाही. शूद्रकाचे मृच्छकटिक घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत रूपाने मराठी रंगभूमीवर आणल्यापासून चारुदत्त व वसंतसेना ही नावे आमच्या घराघरांत आहेत; परंतु हे नाटक उज्जयिनीच्या रात्रीच्या रस्त्यांचे नाटक आहे, या दृष्टीने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. पहिल्या अंकात राजमार्गावर काळोख दाटला आहे आणि वसंतसेना पळते आहे. मागे राजाचा मेहुणा शकार, त्याचा विट व चेट. काळोख इतका की ती डोळ्यांना दिसत नाही. तिला पकडून देणार आहेत ती तिने माळलेली फुले आणि पायांतले नूपुर. एकाचा वास व दुसऱ्यांचा नाद. विट तसे मोठ्याने बोलतो, आणि त्या बोलण्यातूनच तिला सूचना मिळते. ती फुले काढते, नूपुर उतरवते आणि भिंत चाचपीत चारुदत्ताच्या दाराशी पोहोचते. रात्रीच्या रस्त्यावर असावयाचे तर स्त्रीला आपल्या स्त्रीपणाच्या खुणा अंगावरून उतरवून ठेवाव्या लागतात, हे इतक्या थोड्या सामग्रीत सांगणारा दुसरा नाट्यप्रसंग मला ठाऊक नाही.

तिसऱ्या अंकात तेच नगर, तशीच रात्र. मध्यरात्र उलटली आहे. रेभिलाचे गाणे ऐकून चारुदत्त व मैत्रेय घरी परतत आहेत. गाणे संपले तरी ते आपल्या कानांत चालूच आहे असे चारुदत्ताला वाटते. तो एकेका स्वराची स्तुती करतो, मध्येच थांबतो, पुन्हा चालू लागतो. मैत्रेयाच्या डोळ्यांवर झोप आहे. पेठेतल्या गल्ल्यांतून कुत्रीसुद्धा सुखाने झोपली, आपण काय म्हणून जागायचे, हा त्याचा धोशा. सावकाश चालण्याचे सुख म्हणतात ते हेच. घर जवळ येऊ नये असे वाटणारा एक, आणि ते कधी येते याची वाट पाहणारा त्याचा सोबती. येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. चारुदत्त या वेळी दरिद्री आहे. अंगावरच्या उत्तरीयाखेरीज त्याच्याजवळ फारसे काही नाही. तेव्हा हे सुख पैशाचे आहे असे कोणी समजू नये. मात्र तो ब्राह्मण आहे, पुरुष आहे, नगरात त्याला मान आहे, आणि म्हणून रस्त्यावरचा रखवालदार त्याला ‘कोण आहे?’ असे विचारीत नाही. त्याच रात्री शर्विलक नावाचा दुसरा एक ब्राह्मण रखवालदाराची नजर चुकवीत चारुदत्ताच्याच घराला भोक पाडायला निघाला आहे, आणि भोकाचा आकार कमळासारखा असावा की चंद्रकोरीसारखा, याचा तो कलावंताच्या तन्मयतेने विचार करतो!

पाचव्या अंकात वसंतसेना पुन्हा रस्त्यावर येते. आता ती पळत नाही. मेघ गडगडत आहेत, पाऊस कोसळतो आहे, आणि ती स्वेच्छेने चारुदत्ताकडे निघाली आहे. साहित्यशास्त्राने तिच्यासाठी नावही तयार ठेवले आहे, अभिसारिका. कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवरून मेघाला वाट सांगताना याच उज्जयिनीतल्या अशा स्त्रियांना विजेने उजेड दाखव पण गर्जना करून भिववू नकोस, अशी विनवणी केली आहे. ती वाचताना यक्षाच्या कनवाळूपणाबद्दल आदर वाटतो. तथापि अभिसारिकेला जी मुभा मिळाली ती प्रियकराच्या दारापर्यंतची. तिची वाट ठरलेली आहे, मुक्काम ठरलेला आहे. मृच्छकटिकातल्या या तीन रात्रींपैकी एका रात्री भय आहे, एका रात्री प्रेम आहे, आणि नुसते चालणे आहे ते एकाच रात्री. ती रात्र पुरुषाची आहे. शूद्रकाने हे तिन्ही प्रसंग एकाच नाटकात शेजारी शेजारी ठेवले. त्यानंतर आमच्याकडे ते पुन्हा एकत्र आले नाहीत.

मध्यंतरी रस्त्याचा ताबा कोतवालाने घेतला. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात रात्रीची तोफ होई, आणि तोफेनंतर रस्त्यावर सापडलेल्या माणसाची रात्र चौकीवर जाई. मुंबईत कोटाचे दरवाजे रात्री बंद होत. तट पाडला गेला तो १८६० नंतरच्या दशकात, आणि १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. दिवे आल्याने चालणाऱ्याची सोय झाली, तशी त्याला ओळखणाऱ्याचीही झाली. १९५१ च्या पोलीस कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद रीतीने आढळून समाधानकारक कारण न सांगणाऱ्यासाठी कलम आहे. कायद्याचा हेतू चोर पकडण्याचा आहे, हे मान्य. परंतु ‘समाधानकारक कारण’ हे शब्द निबंधकाराने मुद्दाम वाचावे. रस्त्यावर असण्याला कारण हवे, आणि त्याने दुसऱ्याचे समाधान व्हावयास हवे.

काही लोकांना तर कारण सांगण्याचीही संधी नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का बसला, त्यांना हजेरी चुकवून गावाबाहेर जाण्याची मुभा नव्हती. तो शिक्का पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, कागदावरून. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे व लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ चे. ही पुस्तके वाचताना ‘भटक्या’ हा शब्द मी लेखाच्या आरंभी जितक्या सहजपणे लिहिला तितक्या सहजपणे पुन्हा लिहवत नाही.

आता कोणी विचारील की, ज्या आनंदासाठी हा सारा खटाटोप, तो आहे तरी काय? सांगतो. विद्यार्थिदशेत दोन वर्षे मी गिरगावात एका नातलगांच्या बिऱ्हाडी राहत होतो. खोली एक, माणसे सात. माझी वळकटी गॅलरीत. रात्री मी जितका उशिरा येई तितका तो सगळ्यांच्याच सोयीचा होई. मुंबईतल्या पुष्कळ तरुणांना रात्रीचा रस्ता मिळाला तो या कारणाने, हे तेथील इतिहासकारांनी नोंदण्यासारखे आहे. बोरीबंदरपासून धोबीतलावावरून ठाकुरद्वारापर्यंत मी पायी येत असे, आणि घाई कसलीच नसल्यामुळे तेवढ्या वाटेला तास, कधी दोन तास लावीत असे. दिवसा या रस्त्यावर आपण दुसऱ्याच्या गतीने चालतो. मागचा ढकलतो, पुढचा अडवतो, आणि नजर दुकानांच्या उंचीवर खिळून राहते. रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या की इमारतींचे वरचे मजले प्रथमच दिसू लागतात. लाकडी कठडे, नक्षीचे घोडे, कोण्या शेटजींच्या नावाची दगडी पाटी, आणि तिच्याखाली कोरलेले साल. एका चाळीच्या कपाळी साल होते आणि नाव पुसलेले होते. शेजारच्या चाळीवर नाव होते आणि साल नव्हते. मी कित्येक रात्री त्या दोघींच्या समोर उभा राहिलो आहे.

मग कानांचे काम सुरू होते. वरच्या गॅलरीत कोणी खोकतो, कोणाचा पाळणा कुरकुरतो, नळ सोडल्याचा आवाज येतो. एखाद्या बोळातून पावाच्या भट्टीचा ऊबदार वास रस्त्यापर्यंत येऊन थबकलेला असतो. हातगाडीवाले आपापल्या गाडीवरच आडवे झालेले. दिवसा ज्या फळीवर ओझे त्याच फळीवर रात्री मालक. त्यांच्या बाजूने जाताना पाऊल आपोआप हलके पडते, कारण आपण आता कोणाच्या तरी निजायच्या खोलीतून चाललो आहोत हे कळते. एकच्या सुमारास शेवटची लोकल गेली की पहाटे चारनंतरच्या पहिल्या गाडीपर्यंत या शहराच्या छातीचा ठोका थोडा संथ होतो. तेवढ्या तीन तासांत मुंबई आपल्याकडून काही मागत नाही. मालेगावसारख्या गावातून गेलेल्या मुलाला दिवसाची मुंबई पाहून आपण फुकट आहोत असे वाटते. रात्रीच्या मुंबईने मला तसे कधी वाटू दिले नाही. येथे मला मोकळेपणाने म्हटले पाहिजे की, त्या दोन वर्षांत गस्तीच्या शिपायाने मला एकदाही हटकले नाही. अंगावर बऱ्यापैकी सदरा होता, हातात वही होती, आडनाव सांगण्याची वेळ आली नाही. माझ्या शेजारच्या खोलीतली, माझ्याच वयाची व माझ्याहून हुशार मुलगी या रस्त्यावरून रात्री कधी गेली नाही. तिने त्या पाटीवरचे साल पाहिले असेल की नाही याचीही मला शंका आहे.

अशा अनुभवाचे प्रतिबिंब मी नंतर मराठी पुस्तकांत शोधू लागलो. मर्ढेकरांनी मुंबई बंदर पाहिले ते माघातल्या पहाटेचे. त्यांची शहरी रात्र बहुतेक मनाच्या आतली आहे, ‘रात्रीचा दिवस’ या १९४२ च्या कादंबरीत तर विशेषच. नारायण सुर्व्यांनी रस्त्यालाच आपले विद्यापीठ म्हटले, आणि ते अलंकार म्हणून नव्हे. पदपथावर सापडलेले ते मूल एका गिरणी कामगाराने वाढवले होते. त्यांच्या कवितेत रस्ता आहे, पण सवड नाही. भोंगा केव्हाही होईल. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवीत. १९७२ च्या ‘गोलपिठा’मध्ये रात्रीची मुंबई जशी आली तशी पूर्वी आली नव्हती व पुढे क्वचितच आली. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि तिचे मोल असे की, पांढरपेशा वाचकाला जे शब्द अडतात ते आपल्यालाही अडले हे तेंडुलकरांनी झाकले नाही. एका प्रसिद्ध लेखकाने तरुण कवीला अर्थ विचारीत त्या गल्ल्यांतून वाट काढली. आता गंमत पाहा. त्याच १९७२ साली तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले, ज्यात पुण्याच्या रस्त्यावर रात्री पाऊल ठेवायला परवाना लागतो. एकाच लेखकाने एकाच वर्षी एका हाताने रात्रीच्या रस्त्याचा परवाना रंगवला आणि दुसऱ्या हाताने परवान्याशिवाय तेथे राहणाऱ्या कवीसाठी दार उघडले. हा योग समीक्षकांच्या नजरेतून सुटू नये.

तरीही ‘गोलपिठा’तील चालण्याला मी आनंदाचे चालणे म्हणणार नाही, आणि म्हणू नये. येथे एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे गावी निघालेले मजूर जालन्याहून रुळांच्या कडेने रात्रभर चालत होते. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली त्यांतले १६ जण गेले. अशा देशात रात्री सावकाश चालण्याच्या सुखाची चर्चा कोणत्या तोंडाने करावी? माझे उत्तर असे की, ते मजूर चालत होते म्हणून नव्हे, तर त्यांना थांबता येत नव्हते म्हणून मेले. हवे तेथे थांबता येणे हाच सावकाश चालण्याचा गाभा आहे. चारुदत्त थांबतो, वसंतसेनेला पहिल्या अंकात थांबता येत नाही.

थांबण्यावरून भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ची आठवण होते. १९६५ च्या या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी केलेला हल्ला गाजला. भाषेच्या शिवराळपणावर तेव्हा एवढा खल झाला की मुख्य गोष्ट बाजूला राहिली. मराठीत रात्री उगाच, निर्हेतुक, तासन्‌तास रस्त्यावर असणारी माणसे शेवटी सापडली ती या नाक्यावर. आणि त्यांच्या रिकामपणाचा भार येणाऱ्याजाणाऱ्या मुलींवर पडतो. पाध्ये हे लपवीत नाहीत, यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. एकाला रस्ता मोकळा झाला तो दुसरीच्या वाट्याचा काढून घेऊन.

याच दुखण्यावर बोट ठेवणारे पुस्तक इंग्रजीत निघाले, आणि तेही मुंबईविषयीच. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांचे ‘व्हाय लॉयटर?’ २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे निरीक्षण असे की, मुंबईची स्त्री रस्त्यावर दिसते खरी, पण नेहमी कोठेतरी जाताना. हातात पिशवी, कानाला फोन, चेहऱ्यावर कामाची घाई, असे सोंग तिला वठवावे लागते. तिला सुरक्षितता देण्याच्या गोष्टी सगळे बोलतात. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मात्र कोणी देत नाही, आणि खरी मागणी तीच आहे, असे या लेखिका म्हणतात. १९३३ च्या फडक्यांनी जो विषय वगळला तो २०११ च्या फडक्यांनी हाती घ्यावा, हा आडनावाचा केवळ योगायोग; परंतु मला तो आवडला. पुस्तकाची शैली संशोधनपर आहे, क्वचित शुष्कही. तथापि त्यातला ‘रेंगाळणे’ हा विचार मराठी निबंधाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत काही भागांतली दुकाने व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास मुभा मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘रात्रजीवन’ असा शब्द घडवला. ती रात्र गिऱ्हाइकाची आहे. खिशात पैसे नसलेला चारुदत्त तेथे कोठे बसणार?

माझ्या गावाकडून पाहता या साऱ्याला एक निराळाच रंग येतो. मालेगावला रेल्वे नाही. मुंबई-पुण्याची ये-जा रस्त्याने. तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावर पायी चालण्यास मनाई आहे. येथून जवळच वाशीम, म्हणजे जुने वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कथा सांगितली आहे की, रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागे साहित्यविद्या देशोदेशी हिंडली, आणि अखेर विदर्भातल्या या नगरात त्यांचा विवाह झाला. आमच्या भागात साहित्य आले ते असे पायी हिंडत आले, आणि चालणारी स्त्री होती. एवढा पुराणाधार हाती असताना आम्ही विदर्भीयांनी तरी या विषयाला नाक मुरडू नये.

वुल्फबाईंचा तो निबंध मी काही वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पेन्सिलीसाठी इतके लांब कशाला, हा प्रश्न मुले विचारतात. मुली विचारीत नाहीत. एका वर्षी मी त्यावर घरून निबंध लिहून आणायला सांगितले. बहुतेकांनी लंडनच्या धुक्याचे वर्णन केले. एका मुलीने लंडनचे नावही काढले नाही. पुण्याहून परीक्षा देऊन येताना खाजगी बसने तिला पहाटे तीनला फाट्यावर उतरवले. वडील बॅटरी घेऊन न्यायला आले होते. तिला भराभर घर गाठायचे होते. वडील म्हणाले, “हयू चाल ना बाई, घाई कायची हाय?” शेतीची वीज रात्रीची येते, हरभऱ्याला पाणी द्यायला त्यांना अशाच वेळी वावरात जावे लागते, त्यामुळे ती वाट त्यांना पाठ होती. कोणाच्या विहिरीवरचा पंप चालू आहे हे ते आवाजावरून सांगत होते, कोणते कुत्रे भुंकेल व कोणते नुसते मान वर करील हेही सांगत होते. तिने लिहिले होते की, आपला बाप इतके बोलतो हे तिला त्या रात्रीपूर्वी ठाऊक नव्हते. घर आल्याबरोबर तिने निबंध संपवला होता. पंधरांपैकी चौदा गुण देऊन समासात मी एवढेच लिहिले की, वाटेवरचे आणखी एक पान हवे होते.